१२३४५६७८९८७६५४३२१ पूर्ण वर्ग आहे का? आणि एवढ्या मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठवीतली मुलगी शाळेतून १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ही पूर्ण वर्ग आहे." तुम्ही खात्री करायला ती स्प्रेडशीटमध्ये टाकली, तर शेवटचे तीन आकडे ३०० झाले. म्हणजे ती १०० ने भागली जाते असं दिसलं. ज्या संख्येच्या शेवटी ३०० आहे ती वर्ग असूच शकत नाही, हा तुमचा तर्क, आणि तो अगदी बरोबर आहे. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ मात्र बरोब्बर १११११११११ आलं. मग खरं कोणाचं? आणि ही संख्या मूळ आहे का, तिला विभाजक किती, आणखी काय गुणधर्म आहेत, हे घरबसल्या कसं शोधायचं?

मुलगी बरोबर आहे. तुमचा तर्कही बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्याच संख्येला लावला गेला. फोनचं उत्तर बरोबर आलंय, पण त्यावर विसंबू नका. ते का, ते पुढे सांगते.

मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं कॉलेजात गणित शिकवतेय, आणि रविवारी ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांचा वर्ग घेते. तिथे लांबलचक संख्या फळ्यावर आली की पोरांचा हात पहिला कॅल्क्युलेटरकडे जातो. मी आधी एवढंच विचारते: ही संख्या आली कुठून? कुणीतरी घडवली आहे, की कुठून तरी उचलली आहे? बाकीचं सगळं या उत्तरावर ठरतं.

पण आधी यंत्राची भानगड मिटवू. नेहमीची स्प्रेडशीट कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडे जपते आणि पुढच्या जागी शून्यं भरते. तुमची संख्या १७ आकडी. शेवटचे २ आणि १ गळाले, तिथे ० आणि ० बसले. त्या ३०० मधला ३ तुमचा, शून्यं तिची. यामागचं कारण असं की या संख्या आत द्विमान पद्धतीत ५३ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ५३ जागांत, ठेवतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी बसते. त्यापुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, एकाआड एक बसते, म्हणजे फक्त सम. आणि तुमची संख्या या हद्दीच्या पलीकडची, वर विषम. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ती दिलीत तर परत मिळते १२३४५६७८९८७६५४३२०. एकाने कमी. ही ३२० वाली लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

हे फक्त गणिताच्या छंदातलं दुखणं नाही. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मुलांचे सोळा आकडी पीआरएन नंबर (कायमचे नोंदणी क्रमांक) कुणीतरी स्प्रेडशीटमध्ये चिकटवले. सोळापैकी पंधरा आकडे टिकले, सोळावा सगळ्यांचा शून्य. ज्यांचे नंबर फक्त शेवटच्या आकड्यात वेगळे होते अशा दहा-दहा मुलांचा नंबर एकच झाला. गुणपत्रिका छापायच्या आदल्या संध्याकाळी ते कुणाच्या तरी लक्षात आलं. मी तेव्हा तिथे गुण तपासायला बसले होते, म्हणून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. उपाय साधा आहे: कॉलमचा प्रकार आधी "टेक्स्ट" करायचा आणि मगच आकडे चिकटवायचे. नंतर केलंत तर गेलेले आकडे परत येत नाहीत.

आता फोनच्या वर्गमूळाबद्दल. दशांशात वर्गमूळ काढून "पूर्ण आलं, म्हणजे वर्ग आहे" असं म्हणणं मोठ्या संख्यांना लागू पडत नाही. तुमच्या संख्येत १ मिळवा: १२३४५६७८९८७६५४३२२. हिचं वर्गमूळ साधारण १११११११११.००००००००४५ इतकं आहे. ५३ बिटांत एवढा बारीक फरक मावत नाही, म्हणून पायथनसारख्या संगणकाच्या भाषेतही नेहमीचं वर्गमूळाचं फंक्शन बिनधास्त १११११११११.० सांगून मोकळं होतं. म्हणजे यंत्राच्या हिशेबी ही पण वर्ग! पण तिच्या शेवटी २ आहे. वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत, हे मुलं पाचवी-सहावीतच पाठ करतात. लाखाच्या लॅपटॉपची चूक पाचवीचा नियम पकडतो, हे वर्गात दाखवायला मला फार आवडतं. पायथन वापरायचंच असेल तर पूर्ण संख्यांचं वर्गमूळ काढणारं वेगळं फंक्शन आहे, आयएसक्यूआरटी नावाचं. ते वापरा, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करून दिलेल्या संख्येशी ताडून बघा.

पण खरं तर या संख्येला यंत्र लागतच नाही. कागद घ्या आणि १११११११११ ला १११११११११ ने शाळेतल्या पद्धतीने गुणा. गुणकातला प्रत्येक आकडा १, म्हणून खाली नऊ ओळी येतात, सगळ्या नऊ एक्क्यांच्या, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे स्तंभ मोजा. एककाच्या स्तंभात एक एक्का, दशकाच्या स्तंभात दोन, शतकाच्या स्तंभात तीन. असं वाढत वाढत मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून पुढे आठ, सात, सहा करत डाव्या टोकाला पुन्हा एक. कुठल्याच स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा एकदाही येत नाही. स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा खाली उतरतात: १२३४५६७८९८७६५४३२१. झालं सिद्ध. मुलीला हे गुणाकार मांडून करायला लावा. सरकत गेलेल्या ओळींचा तो तिरपा पट्टा डोळ्यांसमोर आला की संख्या पुन्हा विसरायची नाही.

दहा एक्के घेतले तर? मधल्या स्तंभात १० येतात, हातचा येतो आणि नक्षी बिघडते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्यावर दोन शून्यं पडली आणि डाव्या चढणीतला ८ गायब झाला: हातचा सरकत जाऊन ८ चा ९ झाला, ९ चा ०. म्हणून तुमची संख्या या कुटुंबातली शेवटची सुबक संख्या. अर्थात ही मर्यादा आपल्या दशमान पद्धतीची आहे. सोळाच्या पायावर मोजलं तर पंधरा एक्क्यांपर्यंत नक्षी शाबूत राहते.

इथे एक फरक मनात पक्का करून ठेवा, कारण "गुणधर्म" हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. काही गुणधर्म संख्येचे असतात: ती वर्ग आहे, तिला अमुक विभाजक आहेत. एवढे खडे मांडून ठेवले तरी ते खरेच राहतात. काही गुणधर्म तिच्या लिखाणाचे असतात: उलटसुलट वाचली तरी सारखी, आकडे चढत जाऊन उतरतात. ते दहाच्या पायावर लिहिल्यामुळे दिसतात. दुसऱ्या प्रकाराला मी कमी लेखत नाही, आमच्याच नाशिककडच्या एका मास्तरांनी त्यावर आयुष्य काढलं आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण दोन्हींची सरमिसळ झाली की गोंधळ उडतो.

आता विभाजक. आकड्यांची बेरीज करा: १ ते ८ ची बेरीज ३६, ती दोनदा म्हणजे ७२, अधिक मधले ९, झाले ८१. म्हणजे संख्या ९ ने नक्की भागली जाते. इथे मुलं हमखास घसरतात. बेरीज ८१ आली, म्हणून ८१ ने भाग जाणारच असं नाही. १८९९ ची बेरीज २७ येते, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. बेरजेचा नियम ३ आणि ९ पुरताच. इथे ८१ ने भाग जातो, पण त्याचं कारण वेगळं: १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि आपली संख्या तिचा वर्ग आहे.

दुसरी युक्ती ३७ ची. ९९९ म्हणजे २७ × ३७. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडून बेरीज केली आणि त्या बेरजेला ३७ ने भाग गेला, तर आधीच्या पूर्ण संख्येलाही जातो. करून बघू: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. बेरीज २९९७. पुन्हा गट पाडले, २ आणि ९९७, बेरीज ९९९. म्हणजे ३७ ने तर जातोच, सरळ ९९९ नेही जातो. ही युक्ती शाळेत शिकवत नाहीत, शिकवायला हवी.

पण वर्ग आहे हे कळल्यावर सतरा आकडी राक्षसाशी झुंजायचं कशाला? त्याचं वर्गमूळ नऊ आकडी आहे, तेच फोडा. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९. बघा, ८ नसलेली हीच ती गमतीची संख्या. तिला ३७ ने भागलं की ३३३६६७. पुढे?

३३३६६७ मूळ आहे का, हे बघायला साधारण ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, कारण ५७८ चा वर्ग तिच्यापुढे जातो. ५७७ पर्यंत मूळ संख्या आहेत १०६. कंटाळवाणं काम. पण संख्या कशी घडली हे माहीत असण्याचा फायदा इथे कळतो. नऊ एक्क्यांना भागणारी कुठलीही मूळ संख्या १०००००००००-१ ला भागते. म्हणजे १० चा नववा घात तिने भागला तर बाकी १ उरते. तिकडे फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की १० चा (मूळ संख्या वजा १) इतकावा घातही १ बाकी देतो. दोन्ही एकत्र केलं की निघतं असं: ३ आणि ३७ वगळता, अशा प्रत्येक मूळ संख्येतून १ वजा केला तर उरलेल्याला ९ ने भाग जायला हवा. ती विषम असणार, म्हणून १८ ने. तर उमेदवार उरले १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकशे सहावरून सतरावर आलो. सतरा भागाकार चहा निवेपर्यंत होतात. एकानेही भाग जात नाही. ३७ ने तर बाकी १ उरते, थोडक्यात हुकलं. म्हणजे ३३३६६७ मूळ आहे.

तर आपली संख्या अशी: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा, यांचा गुणाकार. एकदा हे हातात आलं की बाकीचं आपोआप येतं. विभाजक किती? ३ घ्यायचा शून्य ते चार वेळा, पाच पर्याय. ३७ चे तीन पर्याय, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ म्हणजे ४५ विभाजक. हा आकडा विषम आला, त्यालाही अर्थ आहे. विभाजक जोडीने येतात: ३ चा जोडीदार संख्या भागिले ३, असं. वर्गसंख्येत मात्र एक जण स्वतःचाच जोडीदार असतो, इथे १११११११११. म्हणून बावीस जोड्या आणि वर एक एकटा. मुलीने विभाजक मोजून सम आकडा सांगितला तर न बघता सांगा, कुठेतरी चुकलीस.

विभाजकांची बेरीजही काढता येते. स्वतः संख्या सोडून बाकी ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते. संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण संख्येएवढी नाही. अशा संख्येला न्यून म्हणतात. बेरीज बरोब्बर संख्येएवढी आली असती तर ती परिपूर्ण ठरली असती, आणि विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही. तेव्हा हे उत्तर अपेक्षितच होतं.

मला स्वतःला या संख्येतली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ३७ हा पायथागोरसच्या एका त्रिकुटाचा कर्ण आहे: १२, ३५, ३७. (१४४ अधिक १२२५ म्हणजे १३६९, तोच ३७ चा वर्ग.) नऊ एक्क्यांना ३७ ने भागलं की ३००३००३ येतं. त्रिकुटातल्या तिन्ही बाजूंना त्याने गुणा. एक बाजू ३६०३६०३६, दुसरी १०५१०५१०५ आणि कर्ण १११११११११. म्हणजे तुमची संख्या ही ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग. शिवाय अशी मांडणी एकच आहे, दुसरी सापडणार नाही. कारण ४ ने भागल्यावर १ बाकी देणाऱ्या मूळ संख्याच अशा फोडीला मदत करतात, आणि इथे तशी ३७ ही एकटीच आहे. ३ आणि ३३३६६७ दोघीही बाकी ३ देतात, त्यांचा उपयोग नाही.

आता लिखाणातल्या गमती. मघाशी म्हटलं ते मास्तर म्हणजे द. रा. कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्यात फर्ग्युसनला शिकले, आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. तुमच्या मुलीची संख्या त्यांच्या "डेमलो" संख्यांमधली आहे. हे नाव कुणा परदेशी गणितज्ञाचं वाटतं, पण जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं आहे, आजच्या डोंबिवलीचं. डेमलो संख्येचे तीन भाग असतात: डावा, मधला, उजवा. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की मधला आकडाच पुन्हा पुन्हा येतो. आपल्या संख्येत बघा: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९ उभा आहेच. १६५ ही छोटी डेमलो, एक आणि पाच मिळून सहा.

त्यांनीच आणखी एक जात सांगितली, "हर्षद", म्हणजे हर्ष देणारी. आपल्या आकड्यांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. आपल्या संख्येची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर पाहिलंच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे हर्षदही झाली.

अशा माळेसारख्या संख्यांचा नाद आपल्याकडे जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले गणिती महावीराचार्य १२३४५६५४३२१ चा उल्लेख करतात, एकापासून सहापर्यंत चढत जाऊन त्याच क्रमाने उतरणारी संख्या म्हणून. ती सहा एक्क्यांचा वर्ग. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेल्या स्थानांच्या नावांनी तुमची संख्या वाचायची तर अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग आठ कोटी, सात प्रयुत करत खाली. मुलांना हे म्हणायला लावलं की वर्गात हशा पिकतो, पण स्थानिक किंमत डोक्यात कायमची बसते.

इथवर सगळं गोड गोड वाटलं असेल, कारण ही संख्या घडवलेली आहे आणि घडवण्याची कृती आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी तसं नसतं. सतरा एक्के लिहा: १११११११११११११११११. लांबी तीच, दिसायला उलट अधिक साधी. बेरीज १७, म्हणजे ३ ने भाग जात नाही. पहिल्या शंभर-दोनशे मूळ संख्यांनी भागून बघा, कशानेच जात नाही. बऱ्याच जणांना ती मूळ वाटते. प्रत्यक्षात ती २०७१७२३ × ५३६३२२२३५७ आहे. मघाचीच युक्ती इथेही चालते, फक्त १८ च्या जागी ३४: भागणाऱ्या मूळ संख्येतून १ वजा केला तर ३४ ने भाग जायला हवा. तरीही ३५, ६९, १०३ असं ३४-३४ ने पुढे जात २०७१७२३ पर्यंत पोचायला ६०९३३ पावलं लागतात. लॅपटॉपला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम, हाताने करायचं तर अख्खं वर्ष कमी पडेल. आणि एकोणीस एक्क्यांची संख्या खरोखरच मूळ आहे. नुसतं बघून यातलं काही सांगता येत नाही. म्हणून "दिसायला सुंदर आहे, म्हणजे गुणधर्मही सुंदर असतील" या भरवशावर राहू नका.

संख्या कुठून आली हे अजिबात माहीत नसेल, तर मी साधारण असं करते. आधी शेवटचा आकडा, आकड्यांची बेरीज, ११ साठी एकाआड एक आकड्यांच्या बेरजांतला फरक, ३७ साठी तीन-तीनचे गट. मग पूर्ण वर्ग किंवा घन आहे का ते. मग शेजारी बघायचे: तिच्यात एक मिळवून किंवा वजा करून काही ओळखीचं दिसतं का. यात काही निघालं नाही तरच संगणक. अठरा-वीस आकड्यांपर्यंतच्या संख्येचे अवयव आजचा कुठलाही संगणक क्षणात काढतो. शंभर आकड्यांच्या पुढे मात्र दोन प्रश्नांच्या वाटा वेगळ्या होतात. "ही मूळ आहे का?" हे तुलनेने सोपं. त्याची झटपट आणि खात्रीची रीत आहे हे सिद्ध केलं ते २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. पण "मूळ नाही, तर अवयव कोणते?" हे अवघडच राहिलंय. आरएसए-२५० नावाची २५० आकडी संख्या २०२० साली फोडली, तीही पुष्कळ संगणक एकत्र जुंपून. आपले ऑनलाइन बँकेचे व्यवहार ज्या कुलपांवर विसंबतात त्यातलं एक कुलूप या अवघडपणावरच उभं आहे. तेव्हा मोठ्या संख्येचे गुणधर्म काढायला किती कष्ट पडतील हे ती किती लांब आहे यापेक्षा ती कशी घडली यावर जास्त ठरतं, आणि ते आधी कळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

मुलीसाठी दोन कामं देते. पहिलं: गुणाकार न मांडता, एका वजाबाकीत ही संख्या मिळवून दाखव. सूचना अशी की ती १२३४५६७९ × ९९९९९९९९९ आहे, आणि नऊ नव्व्यांनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावून आधीची तीच संख्या वजा करायची. १२३४५६७९००००००००० वजा १२३४५६७९. हातचे घेत घेत उत्तर उतरताना ९८७६५४३२१ एकेक करून कसे उगवतात ते बघण्यासारखं आहे.

दुसरं काम तुमच्या यंत्राच्या चुकीतून आलंय. जावास्क्रिप्ट जी एकाने कमी असलेली संख्या परत देतं, ती १२३४५६७८९८७६५४३२०, तिचे अवयव काढायचे, कॅल्क्युलेटरशिवाय. ती एका वर्गातून १ वजा करून आली आहे, म्हणजे वर्गमूळाहून एकाने लहान आणि एकाने मोठ्या संख्येचा गुणाकार: ११११११११० × ११११११११२. पहिल्यातून १० बाहेर काढले की आठ एक्के उरतात, ते ११ × ७३ × १०१ × १३७. दुसऱ्यातून ८ बाहेर काढले की १३८८८८८९ उरतात. तिथून पुढे ७ पासून सुरुवात करायला सांगा.